तुमचं मराठी छान आहे

गेल्या बकरी ईदला आमचा भाचा पालीला आला तो काखेत एक जाड वही मारून. पोराने नर्सिंग केले आहे आणि सध्या औरंगाबादेत (२०२३ पासून कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर) एका वर्गात जर्मन शिकतो आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. दहा हजार कुशल माणसे तिकडे पाठवायची असे ठरले. तेव्हापासून मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली पोरेही 'गूटन टाग' म्हणू लागली आहेत.

कुर्बानीचे वाटे पोचवून झाले होते. दुपारी सगळे ओसरीवर पडले होते. बिंदुसरेच्या तलावाकडून गरम वारा येत होता आणि सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज. भाच्याने वही उघडली. "मामू, आज एक मजा सुनातूं."

त्यांच्या सरांनी शेवटच्या तासाला पुस्तकात नसलेली एक यादी सांगितली होती. दिसायला साधे, रोजच्या बोलण्यातले शब्द. पण म्हणणाऱ्याने भुवई जराशी वर केली की त्यातून काटा बाहेर येतो. 'तोल' म्हणजे झकास. पण हातातून दुधाचे पातेले निसटले की जर्मन माणूस म्हणतो, 'ना तोल!' 'श्योन' म्हणजे सुंदर. पण 'ना श्योन' म्हणजे बरं बाबा, होऊ दे तुझ्या मनासारखं. 'फोन मीर आउस' याचा शब्दशः अर्थ 'माझ्याकडून', आणि खरा अर्थ कर काय करायचं ते, मला काय त्याचं. सगळ्यांवर कडी म्हणजे 'दास इस्ट मीर वुर्स्ट'. शब्दशः, 'ते मला सॉसेज आहे.' म्हणजे मला त्याचं सोयरसुतक नाही.

"सॉसेज म्हंजे क्या रे?" अम्मीने विचारले.

"नानी, वो... डुकराच्या मांसाचं बी असतंय..."

"तौबा तौबा! ईद के दिन!" अम्मीने दोन्ही कानांना हात लावले. पण ऐकायचे काही थांबवले नाही. सगळी यादी ऐकून झाल्यावर म्हणाली, "इसमें नवा क्या है रे? 'ना तोल' बोले तो अपना 'वा रे शाने'. 'मेरी तरफ से' बोले तो 'मेरी बला से'. येच सीखने कू पैसे भरा क्या?"

भाचा हसला, पण आमच्या डोक्यात ते घुसून बसले. ईद झाली, भाचा परत गेला, तरी आम्ही त्या यादीशेजारी आमची यादी मांडत बसलो. (आम्ही म्हणजे हा एकटाच लिहिणारा. लहानपणी 'मैं, मैं' केले की अम्मी म्हणायची, "मैं मैं बकरी करती." त्यामुळे 'मी' म्हणायची जीभ काही नीट वळली नाही.)

तसे पाहिले तर हे काम आमच्या घराण्यातच आहे. आम्ही जातीने पिंजारी. दादा गावोगाव पिंजण खांद्यावर टाकून जात, तातेवर ठोका मारीत आणि दबून घट्ट झालेला कापूस तार तार सुटा करीत. घामाने, वर्षानुवर्षांच्या निजण्याने दगड झालेली गादी दादांच्या हाताखाली संध्याकाळपर्यंत ढगासारखी होई. आणि मराठीत काय म्हणतात? "तेच तेच काय पिंजत बसलास?" म्हणजे रिकामटेकडेपणाने एकच गोष्ट उगाळणे. ज्या कामाने दादांनी सहा पोरे जगवली ते काम भाषेने असे उडवून लावले. दादांना कुणी हे विचारले असते तर ते म्हणाले असते, पिंजल्याशिवाय आतली सरकी कशी सापडणार?

तर पिंजू थोडे.

पहिला शब्द 'या'. मराठीत यासारखा गोड शब्द नाही. दारात माणूस उभा राहिला की 'या, या'. पण हाच शब्द टेबलामागून आला की त्याचा अर्थ उलटा होतो. अब्बा गेल्यावर वारसाच्या नोंदीसाठी आम्ही एका कचेरीत सहा खेपा घातल्या. दर वेळी कारकून कागदावरून नजर न काढता म्हणायचा, "बरं, या मग." म्हणजे जा. पाचव्या खेपेला आम्ही धीर करून विचारले, "काम होईल ना?" तो म्हणाला, "बघू." आता 'बघू' म्हणजे पाहणे. डोळे उघडे ठेवण्याचा शब्द. पण मराठवाड्यातल्या कोणत्याही माणसाला विचारा, टेबलामागचा 'बघू' म्हणजे डोळे मिटून घेणे. सहाव्या खेपेला काम झाले. कारकुनाने हसून सांगितले, "झालं बघा चाचा." आम्ही तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे, तो पन्नाशीचा. पण आमच्या दाढीला पाहिले की आम्ही कुणाचेही चाचा होतो.

'चाचा', 'मामू', 'भाई', 'मियाँ'. आमच्या घरातले हे चार शब्द उंबरा ओलांडून बाहेर गेले की त्यांचे काय होते ते पाहावे. 'भाई' बाहेर जाऊन दादागिरी करू लागला, त्याची 'भाईगिरी' झाली. मामू तर विचारूच नका. मामा काय, मामू काय, कुणालाही फसवले की त्याचा 'मामा' होतो. भाचा आम्हाला मामू म्हणून हाक मारतो तेव्हा आमचे काळीज हलते, आणि चौकात कुणी 'मामू बनवलं' म्हटले की खिशाकडे हात जातो. 'मियाँ' हा आमच्याकडे अदबीचा शब्द. त्याचे 'मियाभाई' झाले की त्यात अदब औषधालाही उरत नाही.

आमच्या दादांचा एक किस्सा घरात सांगतात. निजामाच्या राज्यातली गोष्ट. अहमदनगरकडच्या, म्हणजे इंग्रजी मुलखातल्या एका गावाहून पालीत कुणी पाहुणे आले होते. दादांनी आपल्या समजुतीने मोठ्या तहजीबने विचारले, "पाटील, मिजास कशी आहे?" उर्दूत 'मिज़ाज कैसे हैं' म्हणजे तब्येत कशी आहे. पाटलांनी पगडी उचलली आणि चालू लागले. मराठीत मिजास म्हणजे घमेंड. दादा मागे धावले, पाटील पुढे. शेवटी वेशीपाशी गावच्या कुलकर्ण्यांनी दोघांना समजावले. दोन भाषांत मिळून एकच शब्द होता. एकाने खुशाली विचारली, दुसऱ्याने कानफटात खाल्ली.

असे शब्द ढिगाने आहेत. अकबराच्या फौजेत जे शिपाई कुठल्या मनसबदाराच्या हाताखाली नसत, थेट बादशहाचे असत, ते 'अहदी'. बोलावणे आले तरच कामाला जायचे, एरवी घरी. मराठीत त्यांचा 'ऐदी' झाला. 'बद-मआश' म्हणजे ज्याच्या पोटापाण्याची साधने वाईट आहेत तो. गरिबीचे वर्णन होते, शिवी झाली. इब्लिस हे कुराणातले सैतानाचे नाव; मराठी आई लाडाने पोराला 'इब्लिस कार्टं' म्हणते, आणि ते मात्र आम्हाला फार आवडते. सैतानाचासुद्धा लाड करणारी भाषा आहे ही!

पण 'मवाली' या शब्दापाशी आम्ही थबकतो. अरबीत 'मौला' म्हणजे धनी, रक्षक, मित्र, आणि आश्रित सुद्धा. त्याचे अनेकवचन 'मवाली'. इस्लामच्या पहिल्या शतकात जे लोक अरब नव्हते, पण मुसलमान होऊन एखाद्या अरब कबिल्याच्या आश्रयाला राहिले, त्यांना मवाली म्हणत. म्हणजे आपलेच, पण पूर्ण आपले नाहीत. मशिदीत जवळचे, सोयरिकीत लांबचे. 'मौलाना' आणि 'मवाली' हे दोन शब्द एकाच मुळाचे. एकाला आपण हात जोडतो आणि दुसऱ्याला पोलीस धरून नेतात. मराठीत आलेल्या अशा शब्दांचा हिशेब माधवराव पटवर्धनांनी १९२५ च्या फार्सी-मराठी कोशात मांडला, आणि पुढे यू. म. पठाणांनी बखरींमधल्या फार्सीचा अभ्यास केला. बाहेरून आत आलेल्या माणसाला पुढे भाषा काय करते, ते ज्याने-त्याने आपल्या अनुभवाने भरून घ्यायचे.

आता आमचा अनुभव सांगतो. आमचे अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. मराठी माध्यम. हाताखालून दोन पिढ्या गेल्या. व्याकरण असे की शुद्धलेखनाची चूक दिसली की त्यांच्या पोटात दुखायचे. आम्ही त्यांच्याच वर्गात चौथीला होतो. एक दिवस वर्गात गोंधळ माजला होता. अब्बा दारातून आले, टेबलावर छडी आपटली आणि गरजले, "ही काय मोगलाई आहे का?"

वर्ग चिडीचूप. आणि मागच्या बाकावरून हलकेच एक आवाज आला, "गुरुजी, तुमचीच की."

सगळी पोरे हसली. आम्हीही हसलो, का ते न कळून. अब्बा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. फळ्याकडे वळले, खडू उचलला, आणि त्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलेला हस्ताक्षराचा वळणदार 'म' आम्हाला अजून आठवतो. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत तो शब्द आम्ही त्यांच्या तोंडून ऐकला नाही. पुढे गोंधळ झाला की ते म्हणत, "हा काय बाजार आहे?"

मोगलाई म्हणजे बेबंदशाही. साऱ्या महाराष्ट्राच्या जिभेवर हा शब्द आहे. पण पालीच्या माणसाला तो दोनदा लागतो, हे बाहेर कुणाला ठाऊक नसते. इंग्रजी मुलखातले लोक निजामाच्या साऱ्या राज्यालाच 'मोगलाई' म्हणत. म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचे सारे गाव, पाटील, कुलकर्णी, महारवाडा, मशीद, सगळेच मोगलाईतले होते. तेव्हा तो पत्ता होता. आता पत्ता गेला, शिवी राहिली, आणि वारसा हक्काने ती एकट्या आमच्या घरावर चढली. अब्बांनी मात्र रिटायर झाल्यावर आम्हाला एकदा पालीहून बीडकडे जाताना खजाना बावडी दाखवली. १५८० च्या दशकात, अहमदनगरच्या निजामशाहीत सलाबतखानाच्या वेळी ती बांधली. जमिनीखालून नहरी काढून शेताला पाणी. दुष्काळातही तळ दिसला नाही म्हणतात. अब्बा वाकून आत पाहत राहिले आणि म्हणाले, "ही मोगलाई नव्हे, निजामशाही. पण लोकांना एवढा फरक कुठला?" तो दिवस इतक्या वर्षांनीही ते विसरले नव्हते, हे आम्हाला तेव्हा कळले.

भाच्याने सांगितले, जर्मनांतही असा शब्द आहे, 'पोल्निशे विर्टशाफ्ट'. शब्दशः 'पोलंडचा कारभार', म्हणजे अनागोंदी. शेजाऱ्याच्या नावाने कचऱ्याचा डबा ठेवायचा. आपल्याकडे गेल्या एक-दोन वर्षांत पुढाऱ्यांच्या तोंडी आले तसे, 'बीडचा बिहार झाला'. एका वाक्यात दोन मुलखांचा अपमान आणि बोलणाऱ्याचा मुलूख तेवढा स्वच्छ! आणि 'गेट्यूर्क्ट' असा एक शब्द आहे. अर्थ बनावट, खोटा. मुळात 'तुर्क'. जर्मनीत लाखो तुर्क राहतात. पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी ३० ऑक्टोबर १९६१ ला करार करून कारखान्यांसाठी माणसे बोलावली, त्यांना नाव दिले 'गास्टआर्बाइटर', पाहुणा कामगार. किती अदबीचा शब्द! पण पाहुणा म्हणजे जो जाणार. पुन्हा तेच, 'या मग'. जे गेले नाहीत त्यांना पुढे 'कनाके' म्हणून हिणवू लागले. हा शब्द मूळचा हवाई बेटांवरचा, 'कनाका', आणि त्याचा अर्थ आहे 'माणूस'. फेरिदून झाइमोग्लू या तुर्कस्तानात जन्मलेल्या जर्मन लेखकाने १९९५ मध्ये हीच शिवी आपल्या पुस्तकाच्या नावात घेतली, 'कनाक श्प्राक', कनाकांची बोली.

माणूस या अर्थाचा शब्द शिवी होऊ शकतो, तर स्वयंसेवक या अर्थाचा का होणार नाही? 'रज़ा' म्हणजे मर्जी. 'रझाकार' म्हणजे आपल्या मर्जीने काम करणारा. लातुरात वकिली केलेल्या कासिम रझवीने हा शब्द असा नासवला की तो पुन्हा उठला नाही. रझाकारांनी गावोगाव हिंदूंवर केलेले जुलूम आमच्या शेजारघरांच्या आठवणीत आहेत आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. पण पोलीस अ‍ॅक्शननंतर जे झाले ते आमच्या दादीच्या आठवणीत होते. सुंदरलाल समितीने तेव्हा अंदाज केला की सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेली. तो अहवाल लोकांना वाचायला मिळाला २०१३ च्या सुमारास. दादीला अहवालाची गरज नव्हती. तिच्या माहेरचे दोन भाऊ त्या सप्टेंबरात घराबाहेर पडले ते परत आले नाहीत. दोघेही पिंजारी. गाद्या भरणारे. त्यांनी बंदूक कधी हातात धरली नव्हती. आणि आम्ही दहावीत असताना क्रिकेटच्या मैदानावर एका बाद-नाबादच्या भांडणात आम्हाला पहिल्यांदा 'रझाकार' म्हटले गेले. म्हणणारा आमचा जवळचा मित्र. तो अजूनही मित्र आहे, आणि त्याला ते आठवतही नाही.

या गोष्टीला एक गमतीचे शेपूट आहे. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. नोंदी कुठे उर्दूत, कुठे मोडीत. 'निजामी' म्हटले की ज्यांचे तोंड कडू व्हायचे ते निजामाच्या कागदाची नक्कल उराशी धरून हिंडू लागले. आमच्या चुलत्यांना जुने उर्दू हस्ताक्षर वाचता येते. त्यांच्या ओट्यावर गर्दी होऊ लागली. "चाचा, तेवढं वाचून सांगता का?" तोच 'चाचा', पण आता त्यात पुतण्या होता. चुलते भिंग लावून, बोट फिरवत वाचायचे आणि 'कुनबी' असा शब्द दिसला की मोठ्याने म्हणायचे. समोरच्या पोराच्या डोळ्यांत पाणी यायचे. एकाने त्यांचे पाय धरले. चुलते गोंधळून म्हणाले, "अरे अरे, मी काय केलं, निजामानं लिहिलंय!"

एवढे सगळे शिव्यांबद्दल झाले. पण आमचे म्हणणे शिव्यांबद्दल नाहीच. शिवी निदान तोंडावर येते. तिला तोंडावर उत्तर देता येते. खरा घाव गोड शब्दांचा. काही वर्षांपूर्वी एका शहरातल्या साहित्यिक कार्यक्रमात आम्ही लेख वाचला. अब्बांवरचाच होता. वाचून खाली उतरलो तर अध्यक्ष गृहस्थ दोन्ही हात पुढे करून आले. मोठे सज्जन. म्हणाले, "वा! तुमचं मराठी किती छान आहे हो! अगदी शुद्ध! वाटतच नाही."

काय वाटत नाही, ते त्यांनी सांगितले नाही. सांगायची गरज नव्हती. आम्ही "धन्यवाद" म्हणालो. घरी येऊन अम्मीला कौतुकाने सांगितले. अम्मी पोळ्या लाटत होती. म्हणाली, "और तू क्या बोल्या?"

"शुक्रिया बोल्या."

"तेरे अब्बाने चालीस साल उनोंके बच्चोंकू मराठी पढाए. और तू शुक्रिया बोलके आया."

आम्ही पुढे काही बोललो नाही. रात्री झोप लागेना. दुसऱ्या कुणाला, देशपांड्यांना, जाधवांना, कुणी कधी म्हटले असेल का, तुमचं मराठी किती छान आहे? घरच्या माणसाला कुणी म्हणते का, तुम्हाला घराचा रस्ता बरोबर सापडला! ज्यांच्या नावाशी आमच्याच जिल्ह्यातले वाहिरा गाव जोडलेले आहे, ते श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहितात. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी यू. म. पठाण बसतात, त्याच वर्षी सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरते. आणि तरी आम्ही अजून परीक्षेला बसलेले विद्यार्थी, आणि आमचा पेपर चांगला गेला म्हणून पाठीवर थाप. भाच्याच्या वहीत हे वाक्यही निघाले: 'झी श्प्रेशन आबर गूट डॉइच!' तुम्ही जर्मन फार छान बोलता हो! जर्मनीत जन्मलेल्या, तिथेच शाळा शिकलेल्या तुर्कांच्या पोरांना हे ऐकावे लागते. त्यातला 'आबर' म्हणजे 'पण'. सगळी गोम त्या 'पण'मध्ये.

बरे, उर्दूवाल्यांकडे जावे तर तिथेही तेच. औरंगाबादेत एका निकाहच्या वेळी आम्ही "नक्को, पानी नक्को" म्हणालो तर शेजारचे शायरसाहेब नाकावर रुमाल धरल्यासारखे हसले. म्हणाले, "आपकी ज़बान से मराठी की बू आती है." आता फार्सीत 'बू' म्हणजे नुसता वास, सुवासालाही 'बू' आणि दुर्गंधीलाही. साहेबांच्या मनात कोणता होता ते त्यांच्या नाकाने सांगितले. आमच्या दखनीने 'नको' मराठीतून उचलला, 'अपनाच'मधला 'च' उचलला, आणि मराठीने आमच्याकडून निम्मे बाजार-कचेरीचे शब्द घेतले. मराठवाड्यात हे देणेघेणे चारशे-पाचशे वर्षांचे आहे. त्याची लाज आम्हाला वाटायला हवी असे दोन्हीकडच्या शहाण्यांना वाटते.

इथपर्यंत आम्ही फिर्यादी होतो. आता पुढचे सांगायला जीभ जड होते, पण ते टाळून हा लेख पुरा करणे खोटेपणाचे होईल.

आमचा पहिला लेख छापून आला तो आमच्या घरच्या बोलीवर. फार कौतुकाने लिहिला होता. त्यात एके ठिकाणी आम्ही मोठ्या प्रेमाने लिहून गेलो, 'आमची ही धेडगुजरी, गोड भाषा'. अंक गावात चार जणांना वाटला. शेजारच्या भीमनगरातल्या आमच्या मित्रालाही दिला. तोही शिक्षक, अब्बांचा विद्यार्थी. नेहमी लेख आला की चहाला बोलावून ओळ न ओळ बोलायचा. या वेळी काही बोलला नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला. आम्हाला वाटले, हेवा. माणूस किती खालच्या पातळीला जाऊन विचार करतो ते पाहा. शेवटी तलावाच्या भिंतीवर फिरताना आम्हीच विषय काढला.

तो म्हणाला, "लेख चांगला आहे. फक्त त्यात आमची शिवी आहे."

आम्हाला कळेना. त्याने शब्द सांगितला आणि मधे तोडून म्हटला. धेड. गुजरी. आम्ही हजार वेळा हा शब्द वाचला होता, अब्बांच्या तोंडून ऐकला होता, कोशात पाहिला होता: मिश्र, अशुद्ध, कसेतरी बोललेले. त्याच्या पहिल्या दोन अक्षरांत कोण बसले आहे ते आम्ही कधी पाहिलेच नव्हते. दबलेला कापूस सुटा करणे ज्यांचा पिढीजात धंदा, त्यांना एवढी सरकी हाताला लागली नाही.

आम्ही माफी मागितली. तो तलावाकडे बघत म्हणाला, "बघू."

हा कोणता 'बघू', ते आम्हाला त्या दिवशी ओळखता आले नाही. चहाला त्याने बोलावले, पण दोन महिन्यांनी.

आणि घरातले काय सांगावे! आमच्याच फुफीने एका स्थळाबद्दल नाक मुरडून म्हटले होते, "लडका अच्छा है, पन वो फकीर लोगां हैं." त्याच फुफीच्या मुलीला एका वजनदार घराण्याने नाकारले तेव्हा निरोप आला होता, "पिंजाऱ्यात द्यायला-घ्यायला आम्हाला जमणार नाही." तेव्हा ती तीन दिवस जेवली नव्हती. एका सफेत उभे राहतो, खांद्याला खांदा लावून. सलाम फेरला की खांदे मोजायला लागतो. आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम 'एक कोयता' म्हणून मोजतो. एकटा असला तर 'अर्धा कोयता'. त्यात आमचीही माणसे आहेत, आणि मुकादमांतही आहेत. 'किती कोयते भरले?' हे वाक्य दिवाळीच्या आधी पालीच्या फाट्यावर इतक्या सहज ऐकू येते की त्यात माणसे आहेत हे आम्हालाही वर्षानुवर्षे ऐकू आले नाही.

गेल्या महिन्यात भाचा पुन्हा येऊन गेला. त्याची एक परीक्षा झाली, पुढची बाकी आहे. जायच्या वेळी अम्मीने त्याच्या पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी भरली. तो थोडा उदास होता. म्हणाला, "नानी, उधर गए पर कोई मेरेकू बोल्या, तुम्हारी जर्मन कित्ती अच्छी है, तो मैं क्या बोलूं? मामू तो शुक्रिया बोलके आए थे."

अम्मीने आमच्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"तू बी बोल," ती म्हणाली, "तुम्हारी बी अच्छी है."

भाचा क्षणभर थांबला, मग मोठ्याने हसत सुटला. फाट्यावर बस येईपर्यंत तो ते वाक्य जर्मनमध्ये घोकत होता. 'झी आबर आउख. झी आबर आउख.' बसमध्ये चढताना कंडक्टरने विचारले, "काय म्हणतोस रे?"